चपलेचं बुश

डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं ते सहा आठवडे गावात ज्याने त्याने मला एकच विचारलं, "गुरुजी, घसरलात कुठे?" मी घसरलो नव्हतो. गाडीच्या हँडलात मी स्वतःच्या हाताने हवाई चपलेचं रबर बसवलं होतं. पण ते सांगायची लाज वाटायची, म्हणून "पावसाळा हो, चालायचंच" असं म्हणून वेळ मारून न्यायचो.

बुरोंडी ते दापोली ही माझी रोजची वाट. घर समुद्राला लागून, दापोली जवळजवळ आठशे फुटांवर. म्हणजे सकाळी सगळा चढ आणि संध्याकाळी सगळी उतरण. गाडी शंभर सीसीची, एका सिलिंडरची, अकरा पावसाळे खाल्लेली. चढाला तिसऱ्या गिअरात ती कण्हायला लागली की हँडल हातात मधमाशीसारखं गुणगुणायचं. आधी शाळेत पोचल्यावर बोटांना मुंग्या यायच्या. मग खडू धरतानाही यायला लागल्या. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, साखर तपासा. तपासली. साखर ठीक होती.

मग गाडी मेकॅनिककडे. त्याने पुढचं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. बदलला. वळताना हँडल हलकं झालं खरं, पण मुंग्या जिथल्या तिथे. मग मी स्वतःच फोमच्या जाड ग्रिपा चढवल्या. त्याने मूठ मोठी झाली, धरायला जास्त जोर लागायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत कोपरही दुखायला लागलं.

चूक इथेच होती. थरथर कुठून येतेय हे विचारायच्या आधीच मी तिच्यावर इलाज करत सुटलो होतो. खरं तर हे घरच्या अंगणात कळतं. गाडी डबल स्टँडला लावा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीत तीच थरथर हातात आली तर ती इंजिनाची. चालत्या गाडीत क्लच दाबून इंजिन मंद केलं तरी थरथर राहत असेल, आणि वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर चाक, टायर, रिम बघा. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकलल्यावर खटखट झाली, किंवा पुढचं चाक अधांतरी असताना हँडल बरोबर मधोमध अडल्यासारखं झालं, तर कोन सेट. आणि पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळलं, तर चाक जागचं हलायच्या आधीच हँडल चार बोटं सरकलं? मग बुश.

हे बुश बसतं कुठे ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. ज्या दोन खांबांवर हँडल आवळलेलं असतं, त्यांचे बोल्ट खाली टीच्या, म्हणजे फोर्कच्या वरच्या आडव्या तुकड्याच्या, दोन भोकांतून उतरतात. बऱ्याच गाड्यांत त्या भोकांत लोखंडाला लोखंड लागत नाही, मध्ये रबराचं बुश असतं: वरून एक टोपी, खालून एक टोपी आणि मधोमध लोखंडी नळी. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्याला दोनदा थांबून उलटा फिरतो. वर-खाली मिळून एक हिसका धरला, तर मिनिटाला पाच हजार फेरे म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी हिसके. ते तळहातापर्यंत पोचू द्यायचे नाहीत, एवढंच त्या रबराचं काम. आमच्याकडे त्याचे शत्रू पुष्कळ. उन्हाने रबर कडक होतं, तेल-पेट्रोल लागलं की फुगून मऊ पडतं, आणि खाऱ्या वाऱ्याने मधल्या नळीला गंज चढून ती आतून रबराला कुरतडते.

माझं बुश मी काढलं तेव्हा हातात काळा भुगा आला. नळी गंजून बोल्टला चिकटली होती. हातोडीने ठोकून फोडून काढली आणि फेकून दिली. शनिवार संध्याकाळ होती, दुकान सोमवारी उघडणार. पडवीत जुनी निळी हवाई चप्पल पडली होती. ब्लेडने चार चकत्या कापल्या, मधे भोकं पाडली, बसवल्या, नट पिळला.

सोमवारी चढावर मी हसलो. काय मऊ! हँडल जणू लोण्यात रोवलंय. मुंग्या गायब. आठवडाभर मी शाळेत ज्याला त्याला कौतुकाने सांगत होतो.

बंदरावर मासळी घ्यायला गेलो तेव्हा शेजारच्या तांडेलांनी सहज हँडलाला हात लावला आणि म्हणाले, "गुरुजी, ह्ये डोलतंय. आमी इंजिनाखाली रबर घालताव, पन त्ये इंजिन धरून ठेवायला. झोपवायला न्हाय." मी हसण्यावारी नेलं. त्यांना बोटीतलं कळतं, गाडीतलं काय कळणार, असं मनात आलं. हे खरं आहे म्हणून लिहितोय.

तिसऱ्या आठवड्यात दापोलीहून उतरताना एका डाव्या वळणावर समोरून एसटी आली. मी ब्रेक दाबून हँडल वळवलं. हँडल वळलं, चाक अर्धवटच वळलं. उजवा खांब पुढे कलला आणि मी गटारात. गाडी उचलणाऱ्या पोरांनी दाखवलं: उजव्या बोल्टाचा नट जागेवरच नव्हता.

प्लास्टरमध्ये बसून विचार करायला वेळ भरपूर होता. चपलेचं रबर स्पंजासारखं, आत हवेचे कप्पे. दाबाखाली ते रोज थोडं थोडं बसत जातं. नळी मी फेकली होती, त्यामुळे नटाला आवळून टेकायला कठीण असं काहीच उरलं नाही. जेवढा पिळू तेवढं रबर चेपणार आणि दोन दिवसांनी पुन्हा सैल. त्यात हिसके सेकंदाला त्र्याऐंशी. नट सुटायला तीन आठवडे लागले हेच नवल. त्या नळीची लांबी ठरलेली असते, ती रबर किती चेपायचं ते ठरवते आणि त्यापुढे नटाचा ताण स्वतःवर घेते. सगळ्या जोडणीचा कणा ती नळी, आणि मी तीच कचऱ्यात टाकली होती.

मुंग्यांची भीती मात्र अगदीच पोकळ नव्हती. १९१८ साली अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी अमेरिकेत इंडियानातल्या दगड कापणाऱ्या कामगारांची थंडीत पांढरी पडणारी बोटं तपासली आणि दोष हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांचा, असं दाखवलं. अर्ध्या तासाची गाडी म्हणजे दगडाची खाण नव्हे. पण गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, रात्री झोपमोड होत असेल, तर बुश बदलून थांबू नका, डॉक्टरांना हात दाखवा.

आता काम कसं करायचं ते. बुश आपल्याच मॉडेलचं, नळीसकट घ्या. बांगड्याच्या एका वाट्याच्या पैशांत येतं. नायलॉनची, ॲल्युमिनियमचीही मिळतात, ती हँडल ताठ धरतात पण हिसके जसेच्या तसे हातात देतात. टाकीवर गोधडी टाका. हँडल क्लॅम्पमध्ये कुठे बसलंय तिथे नेलपॉलिशची रेघ मारा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तेलाची डबी आडवी होऊ देऊ नका, ते तेल रंग खातं. जुनं बुश ठोकू नका, शिकंज्यात धरून दाबून बाहेर काढा. भोकातला गंज पॉलिश पेपरने घासा. नवं रबर साबणाच्या पाण्याने ओलं करून बसवा. ग्रीस लावायचा मोह होतो, तो रबराच्या मुळावर येतो. खालचे नट आधी हातानेच लावा, वर हँडल बसवून दोन्ही खांब एका रेषेत आले की वरचे क्लॅम्प आवळा, आणि खालचे नट अगदी शेवटी. हा क्रम उलटा केला तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि हँडल कायमचं वाकडं दिसतं. नट जुना वापरू नका. किती आवळायचा तो आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो; टॉर्क पाना नसेल तर शेवटचं आवळणं गॅरेजात करून घ्या.

मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. आठवड्याने पुन्हा एकदा पाना लावून बघा.

माझ्या गाडीत आता कंपनीचं बुश आहे. चढावर हँडल अजून थोडं गुणगुणतं. इंजिन आवळणारे बोल्ट तपासले तेव्हा त्यातला एक ढिला निघाला, तो आवळल्यावर आणखी फरक पडला. चार गोल भोकांची निळी चप्पल तांडेलांनी मागून नेली. परवा बंदरावर पाहिली, होडीच्या नाळेला टांगलेली, नजर लागू नये म्हणून.