न दुखणारा गुडघा

गुडघा सुजून दुपटीने वाढला आहे, पाऊल टाकताच तो कडेला लचकतो, हाडांची करकर शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते, आणि इतके असूनही ‘दुखत मात्र फारसे नाही’ असे जे वाचक समाधानाने कळवितात, त्यांच्या समाधानात मला सहभागी होता येत नाही. वेदना ही शरीराची वर्दी आहे. मज्जातंतू निकामी झाले की ती वर पोहोचत नाही, आणि मनुष्य मोडत चाललेल्या सांध्यावर निर्धास्तपणे चालत राहतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी १८६८ साली उपदंशाने मज्जारज्जू ग्रासलेल्या रुग्णांत ही विकृती वर्णिली. आज तिचे प्रमुख कारण मधुमेह होय. परंतु मधुमेहाचा रोख बहुधा पावलाकडे असल्याने, गुडघा बिघडला असता उपदंशासाठी रक्ताची आणि मज्जारज्जूची तपासणी टाळू नये.

अशा गुडघ्यात कृत्रिम सांधा बसविण्यास शल्यचिकित्सक पूर्वी साफ मनाई करीत, आणि ती निराधार नव्हती. कारण नेहमीचा कृत्रिम सांधा रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांच्या भरवशावर उभा असतो, आणि येथे तेच सैल पडलेले, हाडही झिजून गेलेले असते. आता बिजागरीच्या धर्तीचा सांधा, हाडाच्या पोकळीत खोलवर जाणारे दांडे आणि झीज भरून काढणारे धातूचे वा हाडाचे तुकडे यांच्या साहाय्याने निवडक रुग्णांत ही शस्त्रक्रिया होते. तरीही सांधा निखळणे, सैल होणे, भोवतालचे हाड मोडणे आणि जंतुसंसर्ग यांचा धोका नेहमीपेक्षा अधिकच राहतो. शेजारच्या काकूंचे उदाहरण नातेवाईक हटकून देतात. पण काकूंनी गुडघा बदलला तो वेदनेसाठी, येथे तो बदलायचा तो पाय स्थिर व्हावा म्हणून.

सांधा लाल, ऊन आणि सुजलेला असेतोवर शस्त्रक्रियेची घाई करू नये. सांध्यातील पाणी तपासून जंतुसंसर्ग नाही ना याची खातरजमा करावी, आधारपट्टा व कुबड्या वापरून भार हलका करावा, रक्तातील साखर ताब्यात आणावी, आणि क्ष-किरण चित्रांत हाडाची पडझड थांबल्याचे दिसेपर्यंत, मग त्यास काही महिने लागोत, धीर धरावा. डॉक्टर चालढकल करतात अशी तक्रार याच मुदतीत होते. ती बहुधा अन्यायाची असते.

शस्त्रक्रियेने सांधा बदलतो, मज्जातंतू बदलत नाहीत. नवा सांधा सैल झाला तरी तोही दुखेलच असे नाही. म्हणून काहीही तक्रार नसली तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी क्ष-किरण तपासणी चुकवू नये, आणि गुडघा पुन्हा सुजला वा लचकला तर त्याच आठवड्यात दाखवावा.