केंद्रीय वीज नियामक आयोग : स्वायत्तता आणि अंकुश

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावयाची? वीजक्षेत्रात ग्राहकाचे कुंपण म्हणजे नियामक आयोग होय. दाभोळच्या वीजखरेदीचा करार १९९३ साली झाला, तेव्हा दरांची जाहीर सुनावणी घेणारा असा आयोगच नव्हता. त्या कराराची महाराष्ट्राला मोजावी लागलेली किंमत सर्वश्रुत आहे.

१९९८ च्या कायद्याने केंद्रीय आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राचा आयोग १९९९ मध्ये आला. आता हे आयोग २००३ च्या वीज कायद्यान्वये चालतात. केंद्र सरकारच्या मालकीच्या वीजनिर्मिती कंपन्यांचे दर व आंतरराज्य पारेषणाचे दर केंद्रीय आयोग ठरवितो. म्हणजे कंपनीचे मालक सरकार, आणि तिचा दर ठरविणाऱ्यांना नेमणारेही सरकारच! स्वायत्ततेचा प्रश्न उद्भवतो तो येथे.

कायद्याने त्यावर काही उपाय योजले आहेत. सदस्यांची नेमणूक निवड समितीच्या शिफारशीने होते. मुदत पाच वर्षांची असून त्याच पदावर फेरनेमणूक नाही. त्यामुळे मर्जी राखण्याचे एक कारण नाहीसे होते. आयोगही निरंकुश नाही. त्याच्या निर्णयावर अपील न्यायाधिकरणाकडे व कायद्याच्या प्रश्नावर पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. हिशेब महालेखापरीक्षक तपासतात आणि वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो.

तथापि एक पळवाट उरतेच. कलम १०७ नुसार जनहिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला लेखी निर्देश देऊ शकते. अमुक बाब धोरणाची आहे की नाही, असा वाद निघाल्यास निर्णय सरकारचाच अंतिम! ज्याच्यावर लगाम घालावयाचा, त्याच्याच हाती लगामाचे एक टोक राहते.

दुसरा धोका रिकाम्या खुर्चीचा. आयोगात कायदेतज्ज्ञ सदस्य असलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तरीही ती जागा भरली गेली नाही, म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने अध्यक्ष व सदस्यांना रजेवर जाण्यास सांगितले. देशाच्या वीजदरांचे काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले २०२१ मध्ये. आयोग दुबळा करण्यास कायदा बदलावा लागत नाही, नेमणूक लांबली तरी पुरते, हा यातील धडा होय.

सारांश, स्वायत्तता कायद्याच्या कलमांत लिहून संपत नाही. दर ठरविण्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना विचारात घेणे कायद्याने आयोगावर बंधनकारक आहे. पण हरकत घेणारेच नसतील, तर सुनावणी हा केवळ उपचार ठरेल. विजेचे बिल आपण सारेच भरतो. ते ठरते कसे, हे पाहण्याची सवय मात्र आपल्याला अजून लावून घ्यावयाची आहे.