प्रश्नाचा कागद

गावात कधी कधी कॉलेजची मुले येतात. चार मुलगे, दोन मुली. पाठीला पिशव्या, हातात छापलेला कागद. पारावर बसतात, तांब्याभर पाणी पितात आणि विचारायला लागतात.

"काका, घरात माणसे किती? जमीन किती? पाणी कुठून आणता? संडास आहे का?"

आपण सांगतो. मुले लिहून घेतात. ऊन चढायच्या आत निघून जातात. पुढे त्या कागदाचे काय होते, ते आपल्याला कळत नाही. एखादी आजी तर तोंडावरच म्हणते, "बाबांनो, दर साली येता, इचारता आन जाता. फिरून सांगाया कुणी येत न्हाई."

आजीचे म्हणणे खोटे नाही. त्याकडे आपण पुढे येऊ. आधी हे पाहू, की कागदावरचे प्रश्न येतात कुठून? ते तयार कोण करतो, आणि कसे?

पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतीची हवा, पाणी, जमीन, झाडे, प्राणी. हा विषय शाळा-कॉलेजात शिकवावा, असे सुप्रीम कोर्टाने १९९१ साली सांगितले. त्यामुळे आता पुष्कळ मुलांना नुसते पुस्तक वाचून भागत नाही. बाहेर जाऊन काही पाहावे लागते, मोजावे लागते. त्याला संशोधन म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा आहे. शोध घ्यायचा, आणि आपल्याला वाटते तसेच आहे की नाही, ते तपासायचे.

तपासायचे म्हटले की प्रश्न लागतो. प्रश्न चुकला, की सगळी मेहनत वाया जाते. कधी कधी वाया जाण्यापेक्षाही वाईट होते. कुणाच्या तरी माथी फुकटचा दोष बसतो. कसा, ते सांगतो.

पुण्याजवळचे येरवडा. आता ते पुणे शहरातच आहे. येरवड्याचे नाव काढले की लोकांना तुरुंग आठवतो. गांधीजींना तिथे ठेवले होते. कुणाला मनोरुग्णालय आठवते. पण त्याच येरवड्यात एक जुनी दगडी इमारत आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. ते डेक्कन कॉलेज. टिळक आणि आगरकर तिथे शिकले. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. जुन्या विद्यार्थ्यांनी ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून कोर्टात भांडण मांडले. १९३९ साली ते पुन्हा उघडले, ते खास संशोधनासाठी.

त्याच साली तिथे एक बाई कामाला लागल्या. त्यांचे नाव इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला. तिथे इरावती नावाची मोठी नदी आहे, तिचे नाव मुलीला ठेवले. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक होत्या, आणि लोक रस्त्यात थांबून बघत. पण आपल्याला त्यांची त्याआधीची गोष्ट हवी आहे. तेव्हा त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या.

१९२८ साली त्या शिकायला जर्मनीत, बर्लिन शहरात गेल्या. त्यांच्या गुरूचे नाव फिशर. या फिशरचे मत असे, की गोऱ्या माणसाची बुद्धी इतरांपेक्षा जास्त. ते कवटीवरून दिसते. गोऱ्याच्या कवटीची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी असते, इतरांची तशी नसते. हे सिद्ध करायचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले.

नीट पाहा. हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात निकाल आधीच लिहून ठेवला आहे. कोण हुशार आणि कोण कमी, ते गुरूने ठरवून टाकले होते. आता फक्त पुरावा आणायचा होता.

इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या घेतल्या. काही गोऱ्यांच्या, काही इतर देशांतल्या लोकांच्या. एकेक कवटी मोजली. डावी बाजू किती, उजवी किती. आणि उत्तर आले, की असा काही भेद नाही. कवटी थोडी वाकडी असते, पण ती कुणाचीही असू शकते. जातीचा, वंशाचा, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. परक्या देशात, गुरूच्या समोर, एका मुलीने तसे लिहून दिले. गुरूने पदवी दिली, पण गुण अगदी हात राखून दिले. पुढे हिटलरच्या राज्यात याच फिशरच्या विचारांना मान मिळाला, आणि वंशाच्या नावाखाली लाखो माणसे मारली गेली.

म्हणजे चुकीचा प्रश्न ही काही लहान गोष्ट नाही.

इरावतीबाई पुढे येरवड्याच्या कॉलेजात काम करत महाराष्ट्रभर हिंडल्या. भारतातल्या कुटुंबाची, नात्यागोत्याची रीत त्यांना समजून घ्यायची होती. आता कुणाच्या अंगणात जाऊन "तुमची कुटुंबरीत काय?" असे विचारले, तर माणूस काय सांगणार? तो म्हणेल, "चार लोकांसारखीच." असल्या माहितीसाठी प्रश्न लहान करावा लागतो. "पोराला मामाची मुलगी करता का? आत्याची करता का?" याचे उत्तर कुणीही देईल. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मामाची चालते, आत्याची चालत नाही. उत्तर भारतात बहुतेक हिंदू घरांत दोन्ही चालत नाहीत. दक्षिणेत काही ठिकाणी मामा सख्ख्या भाचीशीही लग्न करतो. असे लहान लहान प्रश्न गोळा झाले, की देशाचा मोठा नकाशा दिसायला लागतो. त्यावर त्यांनी १९५३ साली मोठा ग्रंथ छापला.

याच डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून शिरूर तालुक्यात इनामगावला खणायला घेतले. घोड नदीच्या काठी तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती. मोठा प्रश्न हा, की ती वस्ती उठली का? पण मेलेल्या माणसाला हे विचारता येत नाही. म्हणून त्यांनी विचारले, की ही माणसे खात काय होती? राहत कशी होती? मग त्यांनी माती चाळून जळके दाणे निवडले, हाडे निवडली. आधीच्या काळातली घरे चौकोनी, ऐसपैस. जवाचे पीक. पुराचे पाणी वळवायला बांध आणि पाट. नंतरच्या काळातली घरे म्हणजे लहान गोल झोपड्या. शेती घटलेली, शिकार वाढलेली. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की पाऊस कमी होत गेला आणि शेतकऱ्याचे हाल झाले. दुष्काळाची ती कहाणी दाण्यांनी सांगितली. आपल्या शिरूरकडच्या माणसाला ती ऐकून नवल वाटायचे नाही.

आता येरवड्याच्या नदीवर येऊ. मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यात संगमावर मिळतात. पुढे मुळा-मुठा होऊन ती बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून, येरवड्याच्या कडेने पूर्वेला जाते. मांजरी, थेऊर या गावांवरून जाऊन भीमेला मिळते. मुठेचे पाणी वर खडकवासल्याला अडवले आहे. ते शहर पिते, वापरते आणि गटारातून नदीला परत देते. म्हणून उन्हाळ्यात शहराखाली नदीत पाणी दिसते, त्यात सांडपाणीच फार. काळे पाणी, फेस, वर हिरवी जलपर्णी.

समजा, आपली ती सहा मुले येरवड्याच्या काठावर उभी आहेत. कागदावर प्रश्न लिहिला आहे: "झोपडपट्टीतील लोक नदी घाण का करतात?"

काठावरच्या वस्तीतली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन चालली आहे. मुलगी तिला थांबवते, कागद वाचून दाखवते. बाई हंडा खाली ठेवते.

"ताई, आधी मला सांग. आमच्या वस्तीला संडास किती आन माणसं किती, ते लिवलंय का या कागदात?"

"नाही, मावशी."

"आन तो मोठा नळ बघ. त्यातून काळं पाणी पडतंय. ते कुणाच्या घरचं?"

मुलगी गप्प होते. तिला ठाऊक नाही.

हा फिशरचाच प्रश्न झाला. घाण कोण करतो, ते आधीच ठरलेले. मुलांनी कुणाचे वाईट चिंतले नव्हते, हे खरे. पण चांगल्या मनाने विचारलेला वाकडा प्रश्नही वाकडाच.

मुलगी ओळ खोडते. नवी ओळ लिहिते: "नदी घाण का झाली?" आता दोष कुणावर नाही. पण हा प्रश्न इतका मोठा आहे, की सहा मुलांना सहा वर्षे पुरणार नाहीत. ती पुन्हा खोडते. तिसऱ्यांदा लिहिते: "संगमापासून बंधाऱ्यापर्यंत नदीला किती नाले आणि नळ मिळतात? त्यांतून पाणी किती येते? ते कोणत्या भागातून येते?"

हा प्रश्न बरा. याचे उत्तर चालून, मोजून मिळते. लहान नळाचे पाणी मोजायला बादली आणि घड्याळ पुरते. १५ लिटरची बादली ५ सेकंदांत भरली, तर मिनिटाला १८० लिटर झाले. दिवसरात्र तेवढेच वाहिले तर अडीच लाख लिटरच्या वर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे, असा सरकारी हिशेब आहे. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. ते सगळे गटारात गेले असे धरले, तरी एका लहान नळातून निदान पावणेचारशे घरांचे पाणी नदीत पडते. अर्थात सकाळी पाणी जास्त, दुपारी कमी. म्हणून दिवसातून चार वेळा मोजावे लागते. आणि हाताला ते पाणी लागू देऊ नये, दांडीला बादली बांधावी.

मोजल्यावर वस्तीचाही वाटा निघेल. निघू दे. पण तो मोजून निघेल, आणि शेजारी बंगल्यांचा, दुकानांचा, कारखान्यांचा वाटाही लिहिलेला असेल.

खाली थेऊरकडे गेले, की प्रश्न आणखी बदलतो. तिथला शेतकरी म्हणतो, "पोरांनो, नदी काळी हाय हे मला डोळ्यांनी दिसतंय. त्याला तुमचं यंत्र कशाला? माझ्या विहिरीचं काय, ते सांगा."

मुले यंत्राने पाण्यातला प्राणवायू मोजणार होती. तेही काम खोटे नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की मासे धड जगत नाहीत. पण शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या घराला भिडलेला आहे. मग तो कागदावर असा उतरतो: "नदीलगतच्या विहिरींचे पाणी दूरच्या विहिरींपेक्षा वेगळे आहे का?"

दूरच्या विहिरी कशाला बघायच्या, असे तुम्ही म्हणाल. कारण असे, की नुसती जवळची विहीर खराब निघाली, तर दोष नदीचा की खताचा, हे कसे कळणार? दूरची विहीरही तितकीच खराब निघाली, तर नदीवर बोट ठेवता येणार नाही. म्हणून दोन्हीकडचे पाणी एकाच महिन्यात, सारख्याच जमिनीतले, तपासायचे. बैल घेताना आपण एकटा बैल बघत नाही. शेजारी दुसरा उभा करतो, तसेच हे.

एक गोष्ट राहिली. प्रश्न केव्हा विचारला, यालाही महत्त्व आहे. कोयना धरणासाठी गावेच्या गावे उठली. त्या उठलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती डेक्कन कॉलेजने १९६९ साली छापली. तोवर धरण बांधून झाले होते, माणसे पांगली होती. वीज किती होईल, हा प्रश्न आधी विचारला गेला. माणसाचे काय होईल, हा नंतर. कोयनेच्या काही धरणग्रस्तांचा जमिनीसाठीचा झगडा पुढे साठ वर्षांनीही संपला नव्हता.

आता आजीकडे येऊ. ती म्हणाली, फिरून सांगायला कुणी येत नाही. पुढच्या वेळी मुले आली, की त्यांना पाणी द्या, बसवा. मग कागद आपल्या हातात मागून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. सावकाश वाचा. कशासाठी विचारता, ते विचारा. उत्तरे कुठे जाणार, ते विचारा. एखादा प्रश्न वाकडा वाटला, तर त्या मावशीसारखे सांगा. सांगायचे नसेल ते सांगू नका, तसा तुम्हाला हक्क आहे. आणि झाले की गावात येऊन वाचून दाखवा, असे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

मुलांची वाट बघत बसायलाच पाहिजे, असेही नाही. हातपंपाचे पाणी उन्हाळ्यात आटते, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. पण "आटते" म्हटले, की ग्रामसभेत कुणी ऐकत नाही. पाणी किती आटते, आणि कोणत्या महिन्यापासून? समजा, त्याच आजीने पौषापासून दर बाजाराच्या दिवशी, सकाळी उजाडताना, एक हंडा भरायला दांडा किती वेळा मारावा लागतो ते मोजले. हंडा तोच, वेळ तीच. घराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या. पौषात तीस. माघात छत्तीस. फाल्गुनात पंचावन्न. चैत्रात ऐंशी, आणि हंडा अर्धाच.

ग्रामसभेच्या दिवशी नातीने त्या रेघा वहीत उतरवून घेतल्या. वही आजीने स्वतः वाचली.