अंतर आणि खोली

सद्भक्तहो,

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आपली कुटुंबे सणावाराला मठात येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक खंत हमखास येते. "आम्ही फार दूर पडलो. घरात कन्नड उरली नाही, वचने मराठीतूनच वाचतो. कूडलसंगम आणि श्रीशैल आयुष्यात एकदा घडले तर घडले. आमच्या हातून साधना ती काय होणार?" ही खंत प्रामाणिक आहे. पण तिच्यात दोन शब्दांची गल्लत झाली आहे. ते शब्द म्हणजे 'अंतर' आणि 'खोली'. या महिन्याच्या पाठात त्यांचाच विचार करू.

प्रथम शब्दार्थ पाहू. अंतर मोजायला दोन ठिकाणे लागतात. घर आणि मठ, गाव आणि क्षेत्र, मी आणि तू. खोलीला एकच ठिकाण पुरते. विहीर जिथे आहे तिथेच ती खोल असते. म्हणून आपली जुनी माणसे रस्ता कोसांनी मोजत आणि विहीर परसांनी. परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. कोस मोजताना नजर रस्त्यावर असते. परस मोजायचा तर मनात का होईना, माणूसच विहिरीत उभा करावा लागतो.

दुसरा भेद असा. अंतर दुसऱ्याच्या बळावर तोडता येते. पूर्वी बैलगाडी होती, मग आगगाडी आली, आज मोटार आहे. झोपेतसुद्धा माणूस शंभर कोस पुढे जातो. खोलीत मात्र ज्याचे त्यानेच उतरायचे, आणि तेही जागेपणी.

तिसरा भेद साधकाने विशेष लक्षात ठेवावा. एकदा केलेली यात्रा झालीच. दहा वर्षांनीही ती घडलेलीच असते. खोलीचे तसे नाही. विहिरीचा गाळ वेळच्या वेळी काढला नाही, तर दहा परसांची विहीर हळूहळू सात परसांची होते आणि वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण पाणी वरून सारखेच दिसते.

आता हाच भेद एका शरणाच्या चरित्रात पाहू. ते चरित्र आपल्या अगदी जवळचे, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे आहे. बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलगी म्हणत. राघवांक कवीने कन्नडमध्ये सिद्धरामांचे चरित्र लिहिले आहे आणि लोकपरंपरेनेही ते जपले आहे. बाल सिद्धराम गुरे राखीत असता मल्लय्या जंगमरूपाने शेतात आले. त्यांनी हुरडा मागून खाल्ला आणि मग दहीभात मागितला. मूल धावत घरी गेले. दहीभात घेऊन परतले, तो मल्लय्या तिथे नाहीत! "मल्लय्या, मल्लय्या" असा आक्रोश करीत ते श्रीशैलाच्या यात्रेकरूंबरोबर निघाले. सोलापूर ते श्रीशैल सरळ रेषेत धरले तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या वर भरते, म्हणजे शंभराहून अधिक कोस.

तिथे पोहोचल्यावर त्यांना देवळातले लिंग दाखवण्यात आले. पण शेतात भेटलेले मल्लय्या त्यांना तिथे दिसले नाहीत. अंतर संपले होते, भेट झाली नव्हती. शेवटी त्या व्याकुळ बालकाने कड्यावरून दरीत उडी घेतली, तेव्हा मल्लिकार्जुनांनी त्याला वरच्यावर झेलले. भेटीनंतर आज्ञा कोणती झाली? "इथेच राहा" अशी नाही. "सोन्नलगीला परत जा आणि तिथेच श्रीशैल उभे कर" अशी झाली. जितके कोस ते चालून गेले, तितकेच कोस परत आले. चरित्राचा हा पहिला धडा आहे. अंतर तोडणे व्यर्थ नाही, पण ते आपल्याला आपल्याच जागी परत आणून सोडते. पुढचे काम तिथे असते.

परत येऊन सिद्धरामांनी देऊळ बांधले, अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि लोकांसाठी मोठे तळे खणले. आजही मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, आणि तळे सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याशेजारी आहे. एकाच जागी राहून खणणे सुरू झाले होते. मग खोली आली का?

इथे अल्लमप्रभू येतात. 'शून्यसंपादने' या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर आहे. प्रभुदेव सोन्नलगीला आले आणि कामावरच्या लोकांना त्यांनी विचारले, "तो वड्ड सिद्धराम कुठे आहे?" वड्ड म्हणजे माती-दगड खणणारा, वडार. आपल्या गुरूला असे म्हटल्याचा राग येऊन लोकांनी प्रभुदेवांवर दगड फेकले. सिद्धरामही रागावून आले.

सद्भक्तहो, थोडे थांबून विचार करा. तिथे चालले काय होते? खणण्याचेच काम चालले होते. मग खणणाऱ्याला खणणारा म्हटले, यात अपमान कोणता? कायक जर कैलास आहे, तर कायकाचे नाव शिवीसारखे का लागावे? लागले याचा अर्थ असा, की हातात कुदळ असूनही 'कुदळ धरणारा वडार वेगळा आणि आमचे गुरू वेगळे' हे अंतर मनात शिल्लक होते. तळे कित्येक परस खोल गेले होते आणि मन अजून वरच्या मातीतच होते. प्रभुदेवांनी एका शब्दाची पहार नेमकी त्या जागी मारली.

सिद्धरामांचे मोठेपण पुढे दिसते. राग ओसरल्यावर ते प्रभुदेवांबरोबर कल्याणला गेले. स्वतः शेकडो लोकांचे गुरू असूनही तरुण चन्नबसवण्णांच्या हातून त्यांनी इष्टलिंग स्वीकारले. ज्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली, त्यांना आता एकच लिंग मिळाले, तेही तळहातावर. त्यानंतरही त्यांच्या वचनांची नाममुद्रा 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' अशीच आढळते. श्रीशैलाचे मल्लिकार्जुन त्या नावात आहेत. पण आता तिथे जायचे कोस उरले नाहीत. नाव तेच राहिले, अंतर गेले आणि खोली आली.

आपल्या नित्यपूजेत हे रोज समोर असते. करस्थलावर इष्टलिंग घेऊन आपण दृष्टी लावतो, तेव्हा डोळा आणि लिंग यांत वीतभरच अंतर असते. ते ग्वाल्हेरच्या भक्तालाही वीतभर आणि मठाच्या शेजारी राहणाऱ्यालाही वीतभर. या बाबतीत कोणीही दूर नाही. प्रश्न उरतो तो खोलीचा. चाळीस वर्षे पूजा करूनही ती वीत तशीच राहू शकते. विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग कातळ. पहिले पाणी लागते तेही गढूळ असते. पूजेला बसल्यावर मनात घरचे तंटे आणि देण्याघेण्याचे हिशेब वर येतात, म्हणून पुष्कळजण निराश होऊन उठतात. ती वरची माती आहे असे समजावे आणि त्याच जागी बसून राहावे.

खोली वाढते आहे हे ओळखावे कसे? सिद्धरामांच्या प्रसंगातच कसोटी आहे. आत खोल गेलेल्या माणसाचे बाहेरच्या माणसांशी असलेले अंतर कमी होते. आपली भाषाही हेच सुचवते. 'आमच्यात अंतर पडले' म्हणताना अंतर म्हणजे दुरावा, आणि 'अंतरी' म्हटले की तेच आत, हृदयात. बाहेर दुरावा ठेवून अंतरी उतरता येत नाही. पूजा आटोपून उठल्यावर दारातल्या झाडूवालीशी, कामावरच्या गड्याशी, दुसऱ्या पोटजातीतल्या सोयऱ्याशी आपले बोलणे कसे होते, त्यावरून आपली विहीर किती परस आहे ते कळते.

चिंतनासाठी:
१. कोणत्या कामाचे नाव आपल्याला लावले तर राग येईल? का?
२. गेल्या वर्षी केलेल्या यात्रेतले आज आपल्यापाशी काय उरले आहे?
३. रोजच्या पूजेत मनाचा गाळ काढण्यासाठी ठरावीक वेळ आहे काय?

दूरच्या बंधुभगिनींनी मठात जरूर यावे. त्यांच्यासाठी दार उघडे आहे. पण येणे घडले नाही, तर कोसांचा हिशेब करीत खिन्न बसू नये. तळहात जवळच आहे. तिथे रोज थोडे उतरावे.

शरणु शरणार्थी.