रक्तातली कावीळ

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पहिला संशय यकृतावर जातो. तेल-मीठ बंद होते, गावातले औषध सुरू होते आणि घरात पेजेशिवाय काही शिजत नाही. पुष्कळ वेळा कावीळ खरोखर यकृताचीच असते. पण कधी कधी यकृत धडधाकट असूनही डोळे पिवळे होतात. ही कावीळ रक्तातून येते.

आपल्या तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हाताऱ्या पेशी रोज थोड्या मोडतात. त्यांतल्या लाल रंगद्रव्याचे बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य बनते आणि यकृत ते पित्तावाटे आतड्यात टाकते. मात्र पेशी एकदम मोठ्या संख्येने फुटल्या तर हा माल यकृताला उपसत नाही. तो रक्तात साठतो आणि डोळ्यांत दिसतो.

फरक कसा ओळखावा? यकृताच्या कावीळीत लघवी गर्द पिवळी होते. पित्ताचा मार्ग अडला असेल तर शौचास पांढुरके होते. रक्ताच्या कावीळीत शौचाचा रंग जात नाही, पण माणूस पिवळा आणि पांढराफटक असा दोन्ही दिसतो. जिना चढताना दम लागतो, छाती धडधडते. पेशी झपाट्याने फुटत असतील तर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकमाच्या आगळासारखी होते. अशी लघवी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

काही वर्षांपूर्वी चतुर्थीला मुंबईहून आलेला एक तरुण माझ्याकडे आणला होता. तिकडे त्याला मलेरिया झाला होता. ताप उतरला होता आणि मलेरिया उलटू नये म्हणून दिलेल्या प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या चालू होत्या. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीचे औषध आणले आणि गोळ्याही इमानाने चालू ठेवल्या. आई म्हणाली, "डॉक्टरांनू, तेल-मीठ बंद केला, तरी कावीळ उतरना नाय." मी लघवी बघायला मागितली. ती आगळासारखी. हिमोग्लोबिन साडेसहा! प्रायमाक्विन तिथल्या तिथे बंद केले आणि त्याला ओरोसला पाठवले. रक्त द्यावे लागले, पण मुलगा सुधारला.

या मुलाच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी होते. काही औषधांचा मारा सोसायला पेशींना हे विकर लागते. ते कमी असले तरी एरवी माणसाला पत्ताही नसतो. प्रायमाक्विनने काहींचेच रक्त का फुटते, याचे उत्तर १९५६ साली अमेरिकेत मिळाले. मुंबईच्या पारशी समाजात हा दोष आढळल्याचे संशोधन १९६३ साली प्रसिद्ध झाले. पुढे तो देशातल्या अनेक समाजांत आढळला, तेव्हा "आमच्यात नाही" असे कुणी म्हणू नये. दोष आईकडून मुलाकडे येतो आणि त्रास बहुधा पुरुषांना होतो. म्हणून एका भावात सापडला की दुसऱ्याचीही तपासणी करावी, मामाचीही.

तपासणीत एक गोम आहे. पेशी फुटल्यावर लगेच तपासले तर अहवाल चांगला येऊ शकतो, कारण ज्यांत विकर कमी होते त्या जुन्या पेशी आधीच मेलेल्या असतात. म्हणून सुमारे ३ महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. दोष निघाला तर तो कागदावर लिहून घ्यावा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावा. प्रायमाक्विन वाईट औषध नव्हे. पण उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याची आपली सवय मात्र वाईट. गरोदर बाईला तर या गोळ्या देतच नाहीत.

भूमध्य समुद्राकाठी या लोकांना बाकल्याच्या शेंगांनी त्रास होतो. आपले कडवे वाल वेगळे, बिरडे खुशाल खावे!

पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र आली तर मलेरियाबरोबर लेप्टोचाही विचार करावा लागतो. दोन्हींसाठी रक्त तपासावे.

आता बाळंतिणीच्या घरासाठी. जुनी दुपटी, कुंच्या ट्रंकेतून काढून तशाच बाळाला घालतात. त्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. जी-६-पीडी कमी असलेल्या बाळाचे रक्त त्या वासानेही फुटू शकते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. आणि बाळ जन्मल्यावर पहिल्या २४ तासांतच पिवळे दिसले, तर उन्हात धरत बसू नये. आईचा व बाळाचा रक्तगट न जुळल्यानेही पेशी फुटतात आणि बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्यावे. तिथे निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, गरज पडल्यास रक्त बदलतात.