‘प्लॉड’ : चालीचा एक शब्द

चालण्याच्या तऱ्हा किती असतात! हत्ती डुलत डुलत चालतो. वृद्ध गृहस्थ सायंकाळी रमतगमत फिरावयास जातात. इंग्रजीत ‘प्लॉड’ असे एक क्रियापद आहे. दिवसभर नांगर धरून थकलेला शेतकरी ढेकळांतून घराकडे निघतो. पाऊल जड पडते, वेग मंद असतो. पण तो थांबत नाही. ही चाल म्हणजे ‘प्लॉड’. तिला ‘रखडणे’ म्हणावे, तर काम अडल्याचा भाव येतो. ‘रेंगाळणे’ तर मुळीच चालणार नाही. रेंगाळणाऱ्यास घर गाठावयाचे असते कोठे? ‘पाय ओढीत चालणे’ हे त्यातल्या त्यात जवळचे.

कंटाळवाणे पुस्तक नेटाने वाचून संपविणे, यासही हेच क्रियापद योजतात. बुद्धीची चमक नाही, पण कष्ट पुष्कळ करतो, अशा विद्यार्थ्यास ‘प्लॉडर’ म्हणतात. त्यात थोडी हेटाळणी असते.

विल्यम कॅरी यांनी मात्र हे विशेषण आपण होऊन स्वीकारले. इंग्लंडात जोडे शिवणारे कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आले. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे १८१२ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्यास आग लागली व कित्येक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळाली. कॅरी पुन्हा लिहावयास बसले. आपले चरित्र कोणी लिहिलेच, तर आपणांस ‘प्लॉडर’ म्हणणे यथार्थ होईल, असे त्यांनी पुतण्यास सांगितले होते. त्याहून अधिक स्तुती त्यांना नको होती.