घोरणाऱ्या घशाला हवेचा आधार



घोरणाऱ्या माणसाची थट्टा करणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कुणी त्याला कुंभकर्ण म्हणतो, तर कुणी ‘सुटली आगगाडी!’ म्हणून हसतो. सुट्टीत पाहुणे जमले, की काकांच्या शेजारी अंथरूण कोणी घालायचे यावरून भांडण ठरलेले. पण कधी कधी हे घोरणे मध्येच थांबते. खोली एकदम शांत होते. दहा, वीस, तीस सेकंद जातात, आणि मग जोराचा हुंदका दिल्यासारखा आवाज येऊन घोरणे पुन्हा सुरू होते. ऐकणाऱ्यांना वाटते, तेवढीच सुटका! खरी काळजी करायला हवी ती या शांततेची. कारण तेवढा वेळ त्या माणसाच्या फुप्फुसांत हवा जातच नसते.

या विकाराला ‘स्लीप ॲपनिया’ म्हणतात. ‘ॲपनिया’ हा मुळात ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ श्वास नसणे. आपण याला निद्राश्वासरोध म्हणू. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे अंधेरीला लागूनच असलेल्या जुहू येथील एका रुग्णालयात निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हे नाव होते. पुष्कळांनी ते तेव्हा प्रथमच ऐकले. विकार मात्र मुळीच दुर्मिळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७.५ टक्के पुरुषांना हा विकार असावा, असा अंदाज तीतून निघाला. म्हणजे दर तेरा-चौदा जणांत एक! अंधेरीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात किती माणसे असतात ते आठवा, म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल.

घसा मिटतो कसा?

आपली श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी बांधलेली असते. मानेवर पुढच्या बाजूला हलकेच बोट फिरवले तर ती हाताला कडक लागते. ती सहसा मिटत नाही. पण तिच्या वर, नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणारा घशाचा भाग मऊ असतो. मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचे मूळ यांनी वेढलेल्या या वाटेला हाडांचे किंवा कूर्चेचे कडे नसते. ते असते तर आपल्याला घास गिळता आला नसता आणि बोलताही आले नसते. जागेपणी आसपासचे स्नायू ही वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत स्नायू सैलावतात व वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की श्वासरोध.

हे एका सोप्या प्रयोगाने पाहता येईल. बर्फाची ‘पेप्सीकोला’ ज्या लांबट, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते ती स्वच्छ धुऊन घ्या. तिची दोन्ही टोके कापा, म्हणजे एक मऊ नळी तयार होईल. एक टोक शीतपेयाच्या स्ट्रॉभोवती गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. आता स्ट्रॉमधून हवा आत ओढा. पिशवी चपटी होऊन मिटेल. जितक्या जोराने ओढाल तितकी ती घट्ट चिकटेल. आता उलट हळूच फुंका. पिशवी गोल होऊन उघडेल. श्वास घेताना आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणून मऊ भिंती आत खेचल्या जातात. हा सारा लेख या एका पिशवीत आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

घसा मिटल्यावर पुढे काय होते? छाती श्वास घेण्याची धडपड करीत राहते, पण हवा येत नाही. रक्तातील ऑक्सिजन घटू लागतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवून माणसाला क्षणभर जागा करतो. स्नायू ताठ होतात, घसा उघडतो, हुंदका येतो, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही!

आता थोडे गणित करू. श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा पुष्कळ मंदावला, तर ती एक घटना धरतात. तासाला ५ पर्यंत घटना विशेष मानीत नाहीत. ५ ते १५ हा सौम्य, १५ ते ३० हा मध्यम आणि ३० च्या वर हा तीव्र विकार होय. समजा, एखाद्याचा श्वास तासाला ३० वेळा थांबतो. सात तासांच्या झोपेत ३० × ७ = २१० वेळा झाले. दर वेळी २० सेकंद धरले, तर ४२०० सेकंद, म्हणजे ७० मिनिटे तो श्वासाविना असतो. २१० वेळा हाक मारून उठवलेला माणूस दिवसभर पेंगला तर नवल काय? पण पेंगण्यावरच हे थांबत नाही. वर्षानुवर्षे असे चालले तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. रिक्षा, बस किंवा ट्रक चालवणाऱ्याला चाकावर डुलकी लागली, तर इतरांचाही जीव धोक्यात येतो.

सिडनीतील पंखा

१९७० च्या दशकातही या विकारावर खात्रीचा उपाय एकच होता. मानेत श्वासनलिकेला भोक पाडायचे, म्हणजे मिटणारा घसा टाळून हवा थेट आत जाई. जन्मभर गळ्यात भोक घेऊन वावरणे कोणाला आवडेल?

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातील डॉ. कॉलिन सलिव्हन झोपेतील श्वसनाचा अभ्यास करीत होते. त्यांनी विचार केला, की घसा आत खेचला जातो तो आतील दाब कमी पडल्यामुळे. मग नाकातूनच थोडी दाबाखालची हवा सतत सोडली तर? ती घशाला आतून आधार देईल. हवेचीच खपची! त्यांनी हवा फेकणारा पंखा, नळी आणि नाकावर बसणारा मास्क यांची जोडणी केली. १९८० साली पहिला रुग्ण तिच्या मदतीने झोपला. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सलिव्हन व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा वृत्तांत दिला. पाचही जणांचा घसा झोपेत मिटणे थांबले होते. या उपकरणाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सीपॅप’ म्हणतात. त्या नावाचा अर्थ श्वासमार्गातील अखंड वाढीव दाब, असा आहे.

हा दाब किती? तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. साधारणपणे ही यंत्रे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात. पेल्यातील पाण्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवून बुडबुडे काढा. त्यासाठी लागणारा जोर म्हणजे १० सेंटिमीटर दाब. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे यंत्राने वाढवलेला दाब त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकाच!

अंधेरीकरांसाठी आणखी एक हिशेब. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा काळ्या बेसाल्टचा उभा कडा आहे. उंची सुमारे ६० मीटर. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. म्हणून ६० मीटर उंच हवेच्या स्तंभाचे दर चौरस मीटरवरील वजन ७२ किलोग्रॅम झाले. तेवढ्याच वजनाच्या पाण्याची उंची ७.२ सेंटिमीटर. म्हणजे माथ्यावरील देवळापासून पायथ्याशी उतरलात, की हवेचा दाब सीपॅपइतका वाढतो. मग पायऱ्या उतरून घोरणे का थांबत नाही? कारण तेथे दाब शरीराच्या आत आणि बाहेर सारखाच वाढतो. यंत्र मात्र फक्त घशाच्या आतला दाब वाढवते. भिंती उघड्या राहतात त्या आतील आणि बाहेरील दाबांतल्या फरकामुळे.

यंत्राशी जुळवून घेताना

यंत्र घरी आले म्हणजे काम संपले, असे नाही. खरी कसोटी पहिल्या काही आठवड्यांत लागते. समजा, अंधेरीतल्या एका घरात आजोबांसाठी हे यंत्र आणले आहे. चौथ्याच रात्री ते मास्क काढून ठेवतात आणि म्हणतात, “मला नाही जमायचे!” हे हटवादीपणाने होत नाही. त्यांच्या एकेका तक्रारीमागे विज्ञान आहे, आणि त्यातच उपायही आहे.

“श्वास सोडताच येत नाही.” शांतपणे श्वास घेताना आपल्या फुप्फुसांतील दाब जेमतेम १ सेंटिमीटर पाण्याइतका वरखाली होतो. समोरून ८-१० सेंटिमीटरचा दाब आला, की गुदमरल्यासारखे वाटणारच. अशा वेळी जोर लावून हवा ढकलू नये. फुप्फुसे किंचित जास्त फुगलेल्या स्थितीत नवा समतोल साधतात, आणि मग श्वास पूर्वीसारखा आपोआप सुटतो. यासाठी दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव करावा. पुष्कळ यंत्रांत दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढण्याची सोयही असते.

“वारा डोळ्यांत जातो.” मास्क सैल आहे असे समजून पट्टे करकचून आवळले जातात. त्याने नाकावर वळ उठतात आणि कडा दुमडून गळती वाढते. आडवे झाल्यावर चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते. म्हणून यंत्र चालू करून, आडवे पडूनच मास्क बसवावा. मास्कवरील बारीक छिद्रे मात्र कधीही बुजवू नयेत. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड तेथूनच बाहेर जातो.

“घसा कोरडा पडतो.” नाक हवेला ऊब आणि ओलावा देते, पण वेगाने येणाऱ्या हवेपुढे ते कमी पडते. तोंड उघडे राहिले तर नाकातून आलेली हवा तोंडावाटे निसटते व कोरड वाढते. पाण्याची छोटी टाकी हवा दमट करते. टाकीत ऊर्ध्वपातित पाणी घालावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. तोंड उघडे राहत असेल तर नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो.

“नळीत पाणी गुडगुडते!” थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसाच हा प्रकार. एअर कंडिशनरने गार झालेल्या खोलीत उबदार, दमट हवा नळीतून जाताना तिच्यातील वाफेचे पाणी होते. नळी पांघरुणाखाली ठेवावी, टाकीचा ओलावा कमी करावा आणि यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवावे, म्हणजे पाणी मागे ओघळते. पावसाळ्यात मुंबईची हवा आधीच दमट असते. तेव्हा ओलावा कमी ठेवूनही भागते.

अशा रीतीने रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावा. रात्री निदान चार तास वापर हे पहिले उद्दिष्ट, आणि पुढे पूर्ण झोपभर. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरच ठरवतात. तो आपल्या मनाने बदलू नये. हे यंत्र चष्म्यासारखे आहे. चष्म्याने डोळा बदलत नाही, पण लावला की दिसते. तसेच हे यंत्र लावले तरच घसा उघडा राहतो. वजन आटोक्यात ठेवणे व कुशीवर झोपणे यांचीही पुष्कळांना मदत होते.

तुमचे काम

श्वास थांबणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही, पण शेजारी झोपणाऱ्याला कळते. म्हणून या विकाराचा पहिला निरीक्षक डॉक्टर नसून बहुधा घरातलेच कोणी असते. तो मान तुमचा असू शकेल. आजोबा किंवा बाबा घोरता घोरता थांबले, तर घड्याळाकडे पाहून सेकंद मोजा. किती वेळा असे झाले ते वहीत टिपा आणि ती नोंद आई-बाबांमार्फत डॉक्टरांना दाखवा. मग झोपेची तपासणी करून डॉक्टर निदान करतील. लहान मुलांतही टॉन्सिल वाढल्याने असे होऊ शकते. तेव्हा धाकट्या भावंडाचे रोजचे घोरणेही हसण्यावारी नेऊ नका. घरात यंत्र असेल, तर मास्क धुण्याचे आणि टाकी भरण्याचे काम आपणहून अंगावर घ्या. “आज किती तास झाले, आजोबा?” एवढे रोज विचारलेत, तरी त्यांचा हुरूप वाढेल.

विचार करा

१. तासाला १८ वेळा, दर वेळी १५ सेकंद श्वास थांबत असेल, तर आठ तासांच्या झोपेत श्वासाविना किती मिनिटे जातील?

२. सीपॅप यंत्रात ऑक्सिजनचे नळकांडे नसते, ते खोलीतील साधीच हवा देते. तरीही रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन का टिकून राहतो?

३. १२ सेंटिमीटर पाण्याइतका दाब वाढण्यासाठी किती मीटर उंचीवरून खाली उतरावे लागेल?